लाल हौद बंद होता तेव्हा

ते साल एकोणीसशे बहात्तर. साल ध्यानात राहायचं कारण म्हणजे त्याच वर्षी रंगखान्यातला लाल हौद तडकला. तो तडकला नसता तर थोरलीला आपल्या दुखण्याचा पत्ता कधी लागला असता, कोण जाणे.

थोरली म्हणजे दोघी जावांमधली थोरली. तिला नाव होतं, पण लग्नानंतर ते फारसं कोणी वापरलं नाही. घरात सासू होती तोवर "थोरली, चहा टाक," "धाकटी, दार लाव," असं चालायचं. सासू गेली, हाका राहिल्या. पुढे दोघी रंगखान्यात कामाला लागल्या तेव्हा हाकाही त्यांच्यामागून तिथे गेल्या. मुकादम हजेरीला ओरडायचा, "थोरली आली का?" आणि धाकटी म्हणायची, "मी आले म्हणजे ती आलीच. डबा तिच्याकडे असतो."

रंगखाना नदीच्या वाकणावर होता. लांबोडी पत्र्याची शेड, आत ओळीने लाल, निळा, पिवळा, काळा असे चार हौद, आणि टोकाला बॉयलर. सुताच्या लड्या काठीवर घालून हौदात बुडवायच्या, फिरवायच्या, पिळायच्या आणि मागच्या अंगणात वाळत टाकायच्या. बॉयलर आणि काठ्या पुरुषांकडे. भुकटी मोजणं, कालवणं, पिळणं बायकांकडे. थोरली लाल हौदाची. डब्याचं झाकण उघडलं की अशी लाल धूळ उठायची की समोरच्या बाईचं तोंड दिसू नये. ती भुकटी थोरली कोमट पाण्यात हातानेच कालवायची, कारण काठीने गुठळ्या राहतात आणि गुठळी राहिली की सुतावर डाग पडतो. थोरलीच्या सुतावर डाग पडलेला कोणी पाहिला नव्हता. तिचे हात मात्र कोपरापर्यंत असे लाल की एखादा नवखा भाजीवाला सुटे पैसे तिच्या हातावर न ठेवता गाडीवर ठेवायचा.

त्या रंगखान्यात एक जुनी गंमत होती. नवीन बाई लागली की पहिल्या आठवड्यात कधीतरी ती संडासातून पांढरीफटक होऊन धावत यायची. लघवीला रंग आलेला असायचा. निळ्या हौदावरची असली तर हिरवट, लालवरची असली तर गुलाबी. मग बायका टाळ्या पिटायच्या. "रंग चढला गं, रंग चढला! आता तू इथली!" तिने सगळ्यांना चहा पाजायचा, की झाली ती जुनी. त्यानंतर रंग पाहून कोणी घाबरायचं नाही. "आज हौद कुठला चालू आहे गं?" असं कोणी विचारलं की दुसरी म्हणायची, "जा, बसून ये, कळेल."

थोरली नवीन असताना तीही अशीच ओरडत बाहेर आली होती, आणि बायकाच काय, बॉयलरवरचे पुरुषही पोट धरून हसले होते. तिने चहा पाजला, स्वतः घोटभरही घेतला नाही. पुन्हा म्हणून आपलं हसं होऊ द्यायचं नाही, अशी गाठ तिने त्या दिवशी मनाशी बांधली. धाकटीचं नेमकं उलट. धाकटी तेव्हा पिवळ्या हौदावर होती, बाहेर आली ती हसतच. "बघा बाई, मी पिवळी निघाले!"

संडास अंगणापलीकडे होता आणि तिकडे जायचं तर बॉयलरवाल्यांच्या बाकासमोरून जावं लागे. ते काही बोलायचे नाहीत, नुसते बोलता बोलता थांबायचे. तेवढ्याने बायका जाणं टाळायच्या. जायला नको म्हणून पाणी प्यायच्या नाहीत. वाफेत दिवसभर उभं राहायचं आणि तांब्याला तोंड लावायचं नाही! मग जिला तिला उन्हाळी लागलेली. जळजळ, थेंब थेंब, पुन्हा पुन्हा धाव. कोपऱ्यावर एक कंपाउंडर होता, डॉक्टर मरून गेल्यावर दवाखाना त्यानेच चालू ठेवला होता. तो सगळ्यांना एकाच बरणीतल्या गुलाबी गोळ्या द्यायचा आणि म्हणायचा, "पाणी प्या, लघवी कोंडू नका." पहिलं ऐकलं तर दुसरं जमत नाही आणि दुसरं ऐकायचं तर बाकासमोरून जावं लागतं, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

तेव्हा थोरलीला लाल जाऊ लागलं, यात कोणाला काय वाटणार? लाल हौदावरची बाई, लालच जाणार. तिलाही काही वाटलं नाही. दुखत नव्हतं, जळत नव्हतं. दोन दिवस जायचं, मग महिनाभर स्वच्छ. एकदा जरा जास्तच गडद दिसलं म्हणून तिने गुलाबी गोळ्या घेतल्या, आणि आपोआप थांबायचं ते थांबलं. श्रेय गोळ्यांना गेलं. दुखणं अंगावर काढायची बायकांना सवयच असते, पण हे तर दुखतच नव्हतं. न दुखणाऱ्या दुखण्याला कोण दुखणं म्हणतं!

मग लाल हौद तडकला. एका सकाळी तळाला भेग पडलेली दिसली आणि सगळा रंग उताराने नदीला गेला. गवंडी येईपर्यंत लाल काम बंद. मुकादमाने थोरलीला निळ्या हौदावर धाकटीशेजारी उभं केलं. पहिले काही दिवस दोघींना बरंच वाटलं. धाकटी बडबडायची, थोरली हूं हूं करायची. हाताचा लाल रंगही हळूहळू निळ्याखाली जाऊन जांभळा झाला.

एके दिवशी दुपारी थोरली संडासातून आली आणि लडी हातात न घेता तशीच उभी राहिली.

"काय झालं गं अक्का?" धाकटीने विचारलं.

"लाल आहे."

"मग? रोजचंच की."

"रोजचं कसं? लाल हौद कधीचा कोरडा पडलाय. मी निळ्यावर आहे."

धाकटी हसली. "जुना रंग असेल. मुरला असेल अंगात. इतकी वर्षं कालवलास, तो काय लगेच निघेल?"

"मी काय कापड आहे, मुरायला?" थोरली म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण धाकटीचं हसू तिथेच विझलं.

रंगखान्यात कुठलाही हौद चालू करण्याआधी नमुना बघायची पद्धत होती. पांढऱ्या कापडाची चिंधी हौदात बुडवायची, बॉयलरच्या नळीवर वाळवायची आणि मग दाराशी उजेडात धरायची. ओलं सूत सगळ्यांना फसवतं, खरा रंग वाळल्यावर कळतो. शितावरून भात, चिंधीवरून हौद. थोरलीने दुसऱ्या दिवशी तेच केलं. घरून एक जुना डबा आणला, लघवी त्यात धरली आणि चिंधी बुडवून नळीवर टाकली. कोणी विचारलं असतं तर निळ्याचा नमुना आहे म्हणाली असती. कोणी विचारलं नाही.

वाळल्यावर दोघी दाराशी गेल्या. लाल भुकटीचा रंग वाळला की उजळतो, हे त्या दोघींना झोपेतही सांगता आलं असतं. ही चिंधी मधे मळकट झाली होती आणि कडेने तपकिरी.

"हा आपला रंग नाही," थोरली म्हणाली.

धाकटीने चिंधी तिच्या हातातून घेतली, घडी घातली आणि आपल्या डब्याच्या फडक्यात बांधली. "उद्या दवाखान्यात. मोठ्या. कंपाउंडरकडे नाही."

"भाऊजींना सांगू नको एवढ्यात," असं धाकटीला सांगून उपयोग नव्हता. ती भाऊजींना सगळं सांगायचीच. थोरलीचा नवरा घड्याळजी. जिन्याखालच्या चिंचोळ्या खोलीत त्याचं दुकान, डोळ्याला भिंग, आणि बारमाही सर्दी. बोलणं अगदी मोजकं. त्याने चिंधी भिंगाखाली धरून पाहिली, जशी काही तिच्यातही बारीक चाकं असतील. मग भिंग काढून म्हणाला, "मी येतो बरोबर."

मोठ्या दवाखान्यात लघवीच्या दुखण्यांचे एक डॉक्टर होते. आत दुर्बीण घालून बघतात, म्हणून बाहेर रांगेत बसलेले सगळे त्यांना दुर्बीणवाले म्हणत. रांगेत म्हाताऱ्या पुरुषांचीच गर्दी. कोणाची धार बारीक झालेली, कोणी रात्रभर उठून उठून बेजार, कोणाला खडा अडकलेला. दोन-तीनच बायका, त्याही भिंतीकडे तोंड करून. एका म्हाताऱ्याने घड्याळजीला विचारलं, "तुमचं काय? ग्रंथी की खडा?" घड्याळजी म्हणाला, "माझी सर्दी." धाकटीला इतकं हसू आलं की तिने तोंडात रुमाल कोंबला.

दुर्बीणवाल्यांनी चिंधी बघितली, बाजूला ठेवली. "चिंधी नको बाई, बाटलीत द्या. काम काय करता?"

"रंगखान्यात. लाल हौदावर."

"किती वर्षं?"

"सासू गेली तेव्हा लागले, ऐन तरुणपणी. आता माझी पाळीसुद्धा थांबली."

डॉक्टरांनी मान वर केली. तिच्या हातांकडे पाहिलं, नखांकडे पाहिलं. पुढे काही विचारलं नाही, आणि ते न विचारणंच घड्याळजीला आवडलं नाही.

आत दुर्बीण घालून बघणं झालं. ते कसं झालं याबद्दल थोरली जन्मात कोणाशी बोलली नाही. बारीकसा तुकडा तपासायला गेला. पुढच्या खेपेला ती एकटीच आली, डॉक्टरांनी तिला समोर बसवलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. घाईत होते, आणि बोलताना डोळ्यांकडे न बघता कागदाकडे बघायची त्यांना सवय होती.

"पिशवीत गाठ आहे," ते म्हणाले. "चांगली नाही. मूळ भिंतीत शिरलंय. पिशवी काढावी लागेल."

थोरलीने एवढा वेळ कोंडलेला श्वास सोडला. "मग काढा की!"

डॉक्टरांना नवल वाटलं. एवढ्या सहज हो म्हणणारं माणूस त्यांना भेटलं नव्हतं. "घरी विचारायचं आहे?"

"कोणाला विचारायचं? तिचं काम संपलं. आता ठेवून काय करायचंय?"

डॉक्टरांना वाटलं, बाई खंबीर आहे. सही घेतली.

आता यात कोणाचं चुकलं? पिशवी म्हटली की बायकांच्या मनात एकच येतं. मुलाची. शेजारणीची पिशवी काढली, मावशीची काढली, पिवळ्या हौदावरच्या दोघींची काढली. महिनाभर जड उचलायचं नाही, कंबर धरते, मग बाई पुन्हा पहिल्यासारखी. लघवीचीही एक पिशवी असते आणि डॉक्टर दिवसभर तिलाच पिशवी म्हणतात, हे थोरलीच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि त्यांच्या दारात लघवीचा त्रास घेऊन आलेली बाई दुसऱ्याच पिशवीवर सही करते आहे, हे डॉक्टरांच्या ध्यानीमनी कसं असणार?

थोरली घरी आली ती हलक्या पावलांनी. रंगखान्यात स्वतःहून सांगितलं, जे तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. "पिशवीचं दुखणं निघालं. काढणार आहेत."

"एवढंच होय!" पिवळ्या हौदावरची म्हणाली. "माझी काढली तेव्हा मी चौथ्या दिवशी भांडी घासत होते."

"तू भांडी घासतेस की भांडी तुला घासतात, ते माहीत आहे आम्हाला," धाकटी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या, थोरलीसुद्धा. मुकादमाने रजा दिली. "लवकर ये, लाल हौद बांधून होतोय," म्हणाला. म्हणजे त्याच्या परीने ती मायाच.

दवाखान्यात दाखल झाल्यावर, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी, सिस्टर आली. तरुण पोर होती, हातात शाईचं पेन. तिने थोरलीला उभं केलं, बसवलं, वाकायला लावलं, आणि पोटावर बेंबीच्या उजवीकडे एक फुली काढली.

"हे कशाला गं?" थोरलीने विचारलं.

"इथे भोक ठेवतील ना. तुम्ही बसलात की घडी पडता कामा नये, नाहीतर पिशवी नीट चिकटत नाही."

"पिशवी काढणार की चिकटवणार?"

सिस्टर हसली. तिला वाटलं, आजारी माणूस थट्टा करतंय. "आतली काढणार, बाहेर लावणार. आतड्याचा तुकडा घेऊन नळी करतात, तिच्यातून लघवी बाहेर येते, थेंब थेंब, सारखी. ती पिशवीत जमते. भरली की ओतायची. सवय होते हो, मावशी."

थोरली पलंगावर बसली. धाकटी शेजारी फळ कापत होती, तिचा सुरीचा हात थांबला.

"लघवीची पिशवी काढणार?" थोरलीने विचारलं.

"मग कुठली?"

"आणि मुलाची?"

"ती पण जाते त्यातच. दोन्ही."

थोरलीने पोटावरची फुली बोटाने पुसून पाहिली. मग म्हणाली, "दोन काढायच्या आणि तिसरी गळ्यात मारायची. छान आहे धंदा." उठून आपले कपडे घातले. सिस्टर दुर्बीणवाल्यांना बोलवायला पळाली.

डॉक्टर आले. या वेळी कागद नव्हता त्यांच्या हातात, डोळ्यांकडे बघून बोलले. म्हणाले, बाई, मी समजावून सांगायला हवं होतं. म्हणाले, आता सांगतो. काढली तर जगायची आशा आहे. नाही काढली तर मी आतून खरवडून देईन, वर औषध भरीन, पण ते गवत कापल्यासारखं. मूळ खाली राहतं.

"खरवडा," थोरली म्हणाली.

"ते पुरणार नाही."

"मला पोटावर लघवी घेऊन फिरायचं नाही. चार बायकांत बसायचं असतं मला. मी त्यांना काय सांगून आलेय, माहीत आहे तुम्हाला?"

खरं ते हेच होतं. मरणाला ती तेवढी भ्यायली नसती. पण 'पिशवी काढायला गेलेली थोरली पिशवी लावून आली,' हे वाक्य तिला रंगखान्यात, वाफेत, टाळ्यांसकट ऐकू येत होतं. बॉयलरवाल्यांच्या बाकासमोरून जातानाचा वास तिला आत्ताच येत होता.

घड्याळजी संध्याकाळी आला. त्याने ऐकून घेतलं. भिंग विसरून कपाळावरच राहिलं होतं. "माणूस घरी आलं पाहिजे," तो म्हणाला. "कसंही आलं तरी."

"वास आला तर?"

"मला कुठे नाक आहे?"

थोरली हसली नाही. "तुमचं झालं हो. लोकांना आहेत."

"अक्का," धाकटी म्हणाली, "लोकांचं मी बघते. कोणी हसलं तर त्याच हौदात बुडवीन."

"तूच पहिली हसशील," थोरली म्हणाली. हे खोटं होतं, आणि बोलल्यावर तिलाही ते कळलं. पण गाठ सोडायची तर कुठलं टोक ओढायचं हेच आता तिला सापडत नव्हतं. धाकटीने कापलेलं फळ तसंच फडक्यात बांधून घरी आणलं.

खरवडून झालं. औषध भरण्यासाठी काही आठवडे दर मंगळवारी जावं लागे. नळीने आत सोडायचं, ते कोंडून धरायचं, कुशी बदलत राहायचं. आत निखारे ठेवल्यासारखं व्हायचं. लघवी कोंडून धरण्यात मात्र थोरलीचा हात कोणी धरला नसता. सिस्टर म्हणायची, "मावशी, तुमच्याएवढा वेळ कोणीच धरत नाही." थोरली म्हणायची, "रंगखान्यात शिकले."

मग लघवी स्वच्छ झाली. काचेच्या पेल्यात धरून तिने धाकटीला दाखवली, "बघ!" चेहऱ्यावर असं काही होतं की धाकटीला रडू आलं. रंगखान्यात थोरलीने सांगितलं, पिशवी काढायची वेळ आली नाही, औषधाने भागलं. बायका म्हणाल्या, नशीबवान. लाल हौद बांधून तयार होता. थोरली पुन्हा त्यावर उभी राहिली. डॉक्टर नको म्हणाले होते, पण मुकादमाकडे दुसरी अशी कालवणारी नव्हती आणि थोरलीला दुसरं असं काही येत नव्हतं. पुन्हा ती धूळ, पुन्हा ते कोपरापर्यंत हात. आता पुन्हा लाल दिसलं तर ते कुठलं, हे ओळखायची सोय राहिली नाही.

धाकटीने सांगून पाहिलं. "सुट्टीच्या दिवशी बघ, अक्का. सुट्टीला हौद नसतो. त्या दिवशी जे दिसेल ते खरं."

थोरली म्हणाली, "बघते." बघत असेल. सांगितलं नाही कधी.

वर्ष संपता संपता, भर दिवसा, ती लड्या पिळता पिळता फळीवर बसली. बसली ती उठेना. ओठ पांढरे, पोट ढोलासारखं टणक. सकाळपासून लघवीच झाली नव्हती. चार वेळा बाकासमोरून जाऊन आली होती, बॉयलरवाले पाहतील याची पर्वा न करता. आत रक्ताच्या गुठळ्यांनी वाट बुजली होती. मुकादम आधी ओरडत आला, "काय चाललंय, सूत थंड होतंय." मग तिचं तोंड पाहिलं, आणि लड्या न्यायची हातगाडी रिकामी करून थोरलीला तिच्यात घातलं. ढकलायला तो स्वतः होता. धाकटी बाजूने पळत होती. हातगाडीचं लाकूड ओल्या रंगाने माखलेलं, थोरलीचे कपडे निळे, पिवळे, लाल झाले. रस्त्याने लोक थांबून बघत होते. थोरली ओरडत होती, आणि कोण हसतंय कोण नाही हे तिला कळत नव्हतं.

दवाखान्यात जाड नळी घालून गुठळ्या धुऊन काढल्या. धार मोकळी झाली तेव्हा तिने सिस्टरचा हात धरला आणि सोडलाच नाही. नंतर दुर्बीणवाले आले.

"काढा," ती म्हणाली. "लावा काय लावायचं ते. माझं हसं व्हायचं ते होऊन गेलं रस्त्याने."

पुन्हा तीच फुली, बेंबीच्या उजवीकडे. या वेळी सिस्टर बोलली नाही. थोरलीनेच तिला सांगितलं, "जरा खाली घे गं, मी बसते तेव्हा तिथे घडी पडते." घड्याळजीने बाजारातून सैल कपडे आणून ठेवले होते, पिशवी झाकतील असे. धाकटीने ती पिशवी रिकामी कशी करायची ते सिस्टरकडून पाण्याने शिकून घेतलं, दोनदा सांडलं, तिसऱ्यांदा जमलं.

पोट उघडलं, आणि डॉक्टरांनी तसंच मिटलं. मूळ भिंत ओलांडून गेलं होतं, यकृतावरही पांढरे ठिपके होते. बाहेर आले ते एवढ्या लवकर की धाकटीच्या हातातला चहा अजून गरम होता. घड्याळजीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

शुद्धीवर आल्यावर थोरलीने आधी हात पोटावर नेला. उजवीकडे चाचपलं. पट्टी होती, बाकी काही नव्हतं. तिला कळलं. धाकटी तोंड फिरवून खिडकीशी उभी होती.

"धाकटे," थोरली म्हणाली, "इकडे ये. तू बघतेस का?"

"काय?"

"सुट्टीच्या दिवशी. तू स्वतःचं बघतेस का?"

धाकटी जवळ येऊन पांघरूण सारखं करू लागली.

"मला सांगत होतीस ना? चिंधी घे. सगळ्यांना घ्यायला सांग. निळ्यावरच्या, पिवळ्यावरच्या, सगळ्या. बॉयलरवाल्यांना पण. हसले तर हसू देत."

थोरली त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेली, घरी, आपल्या पलंगावर. शेवटी दुखणं कंबरेत आणि हाडांत उतरलं होतं, आणि नळी कायमची होती. वास यायचा. घड्याळजी रोज दुपारी दुकान बंद करून तिच्या उशाशी बसायचा. त्या वर्षी त्याची सर्दी गेली होती, हे त्याने तिला कळू दिलं नाही. तो अजून काही वर्षं जगला, घड्याळं दुरुस्त करत. सैल कपड्यांची ती घडी त्याच्या कपाटात तशीच सापडली.

मुकादमाला त्यानंतर काही वर्षांनी तोच आजार निघाला. त्याने वेळेवर पिशवी काढून घेतली, बाहेरची लावून घेतली, आणि ती लावून रंगखान्यात येत राहिला. त्याला कोणी हसलं नाही. थोरली असती तर तिला हे बघवलं असतं का, कोण जाणे.

दुर्बीणवाले डॉक्टर म्हातारे होईपर्यंत त्याच खुर्चीत बसले. पण बाई समोर आली की ते कागदावर आधी दोन गोल काढायचे, एकाशेजारी एक. "ही मुलाची पिशवी, ही लघवीची. मी हिच्याबद्दल बोलतोय," असं म्हणून दुसऱ्या गोलावर बोट ठेवायचे, आणि बाईच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. ती फुली काढणारी सिस्टर पुढे तिथलीच मेट्रन झाली.

लाल भुकटी काही काळाने बंद झाली, तिच्या जागी दुसरी आली. रंगखाना नंतर विकला गेला. आता तिथे मोटारी धुतात.

चिंधीची चाल मात्र रंगखाना होता तोवर राहिली. सुट्टीच्या दिवशी सकाळी बायका घरोघर चिंधी बुडवून खिडकीत वाळत टाकायच्या. नवी बाई लागली की तिला अजूनही चहा पाजावा लागायचा, पण चहाबरोबर तिच्या हातात एक पांढरी चिंधी ठेवायची पद्धत पडली. धाकटीची चिंधी एका सुट्टीला तपकिरी आली. गाठ बारीक होती, वाटाण्याएवढी, मूळ धरलं नव्हतं. खरवडून भागलं. ट्रकवर महिनेमहिने बाहेर असणारा तिचा नवरा बातमी ऐकून आला, आठवडाभर राहिला आणि पुन्हा ट्रकवर गेला, तो परत आलाच नाही. ती वर्षातून एकदा दुर्बीण घालून घ्यायला जायची, रांगेत म्हाताऱ्या पुरुषांत बसायची, आणि कोणी विचारलंच तर म्हणायची, "माझ्या जावेची वेळ घेतलेली आहे, तिच्या जागी मी येते."